प्रकल्प नोंदी: ‘द आउटसायडर्स’, कोवळं आणि निबर

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून मोठ्या गटाचा प्रकल्प सुरू झाला म्हणून ही वही काढली. आमची मराठी शाळा डॅलसच्या उत्तरेला एका भाड्याच्या वर्गात दर रविवारी दोन तास भरते, मोठ्या गटात सहा मुलं आहेत, बारा ते चौदा वयाची, बोलतात फर्डं मराठी पण लिही म्हटलं की पेन अडतं. दरवर्षी पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात हा गट काहीतरी सादर करतो. यंदा मी म्हटलं नाच नको, नाटुकलं नको, तुम्ही इंग्रजी शाळेत जे पुस्तक वाचताय तेच मराठीत समजावून सांगा आजी-आजोबांना. सहापैकी चौघांना या वर्षी ‘द आउटसायडर्स’ आहे, उरलेले दोघं म्हणाले आम्हीपण वाचतो, झालं, ठरलं.

मी पुस्तक डिसेंबरात वाचून काढलं, दोन रात्रीत, आणि त्यानंतर परत एकदा पेन्सिल घेऊन. एस. ई. हिंटन, १९६७. ओक्लाहोमातलं टल्सा, म्हणजे आमच्यापासून गाडीने चार-साडेचार तास. बाईंनी पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं आणि पुस्तक बाहेर आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मुलग्यांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक आधीच नाक मुरडतील म्हणून कव्हरवर नुसती आद्याक्षरं. हे सांगितल्यावर वर्गातल्या तिन्ही मुली एकदम ताठ बसल्या.

१९ जानेवारी, रविवार

मुलांना शाळेतून एक छापील कागद मिळालाय, त्यावर थीम्स लिहिल्यात, मैत्री, कुटुंब, गरीब-श्रीमंत, निरागसता, आणि समोर रिकाम्या रेघा. तो कागद बघून सगळ्यांनी मला एकच उत्तर दिलं, ‘पोनीबॉय शेवटी मॅच्युअर होतो.’ पोनीबॉय म्हणजे पुस्तकातली गोष्ट सांगणारा पोरगा. मी विचारलं कशावरून? शांतता. मग एकजण म्हणाला, ‘कारण पुस्तक संपतं.’ खरं बोलला पोरगा. कागदावरच गृहीत धरलंय की तो मोठा होणार, मग कोण शोधायला जातंय.

तर आज नियम केला. मॅच्युअर, ग्रोथ, लॉयल्टी हे शब्द वर्गात बंद. जे म्हणायचं ते मराठीत म्हणायचं आणि त्यातलं एक पान दाखवायचं. दाखवता आलं नाही तर ते वाक्य खोडायचं.

उरलेला वेळ शब्दांत गेला आणि मजा आली. श्रीमंत पोरांच्या टोळीला पुस्तकात सोशेस म्हणतात, सोशलचं लघुरूप, आणि अर्धा वर्ग ते सॉक्स सॉक्स वाचत होता. ग्रीझर म्हणजे तेल चोपडून लांब केस ठेवणारे, गरीब वस्तीतले, पोनीबॉय त्यांच्यातलाच. आणि एक गंमत, पोनीबॉय सांगतो की आमच्यात टफ शब्द दोन आहेत, उच्चार एकच पण स्पेलिंग वेगळं, एक म्हणजे राकट आणि दुसरा म्हणजे भारी, झकास. मी विचारलं मराठीत काय म्हणाल तर मागच्या बाकावरचा हुडीवाला पटकन म्हणाला, ‘कडक! बाबा म्हणतात ना, कडक गाडी आहे.’ फळ्यावर लिहिलं. एकाच शब्दात दरारा पण आणि कौतुक पण, मला स्वतःला सुचलं नसतं.

२६ जानेवारी, रविवार

आज तक्ता सुरू केला, मोठ्या चार्ट पेपरवर. विषय फक्त डॅरी. तिघे भाऊ, पोनीबॉय चौदाचा, मधला सोडापॉप सोळाचा, थोरला डॅरी वीसचा, आईवडील आठ महिन्यांपूर्वी गाडीच्या अपघातात गेलेत. डॅरी शाळेच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होता, कॉलेजला जाऊ शकला असता, आता छपरं घालायच्या कामावर जातो आणि घर चालवतो. काही गडबड झाली तर धाकट्या दोघांना सरकार उचलून बॉईज होममध्ये टाकणार, ही टांगती तलवार रोजची.

मुलांना काम असं दिलं की जिथे जिथे पोनीबॉय डॅरीबद्दल काही बोलतो ते आपल्या शब्दात मराठीत लिहायचं आणि समोर प्रकरणाचा नंबर. पहिल्या प्रकरणात डॅरीचे डोळे म्हणजे निळसर हिरवे बर्फाचे तुकडे. त्याला माझी काही पडलेली नाही. तो सोडाशी नीट वागतो, माझ्यावरच डाफरतो. एका मुलीने लिहिलं, ‘डॅरी हा दादा नसून दुसरीकडून आणलेला बाप आहे.’ मी खोडलं नाही.

मग तिसरं प्रकरण, थप्पड. पोनीबॉय मोकळ्या मैदानात झोपून जातो आणि रात्री दोनला घरी येतो, डॅरी जागा, वादावादी, आणि थोबाडीत. त्या घरात त्याला आजवर कोणी हात लावलेला नव्हता. मुलं ‘डॅरी वाईट’ असं लिहून पुढे निघाली होती, मी थांबवलं आणि तेवढ्या पाच-सहा ओळी तीनदा वाचायला लावल्या. डॅरी मारल्यावर काय करतो? स्वतःच्या तळहाताकडे बघतो. हात लाल होत चाललाय आणि तो त्याच्याकडे बघतोय, मग भावाकडे, डोळे एवढे मोठे. पोनीबॉय हे सगळं आपल्याला सांगतो, म्हणजे त्याने ते पाहिलंय, फक्त त्याचा अर्थ त्याला लागत नाही आणि तो पळत सुटतो. मी मुलांना म्हटलं हा तळहात लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज तक्त्याचं काम बाजूला राहिलं. चेरी, सोशेसमधली एक मुलगी, आणि पोनीबॉय सूर्यास्ताबद्दल बोलतात ते वाचलं, ती श्रीमंत वस्तीतून बघते, हा मागच्या पायरीवरून बघतो, सूर्य तोच. वाचून झाल्यावर गटातली सगळ्यात शांत मुलगी म्हणाली, ‘मावशी, आपण सोशेस आहोत का?’

कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला आपल्याकडे टेस्ला आहे म्हणजे आहोत. दुसरी म्हणाली पण शाळेत जेवणाच्या सुट्टीत आपण त्यांच्या टेबलवर नसतो. मग बराच वेळ टेबलांबद्दलच चाललं, कोण कुठे बसतं, डबा उघडला की कोण काय म्हणतं, कोणाशी बोलायचं धाडस होत नाही. मी मध्ये पडले नाही. हिंटन बाईंनी स्वतःच्या टल्सातल्या हायस्कूलमध्ये हेच बघितलं होतं, दोन गट, आणि एका मित्राला नुसता ग्रीझर दिसतो म्हणून रस्त्यात मारलं त्यावरून त्यांना लिहावंसं वाटलं. साठ वर्षं होत आली त्याला. सांगितलं मुलांना, त्यांना ते अजिबात जुनं वाटलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुपर बोल असल्यामुळे तीनच मुलं आली, तरी सहावं प्रकरण उरकायचं नव्हतंच, बरंच झालं.

थोडक्यात काय झालंय ते इथे लिहून ठेवते. बागेत सोशेस पोनीबॉयला कारंज्यात बुडवतात, त्याचा मित्र जॉनी सुरा काढतो, सोशेसमधला बॉब, चेरीचा बॉयफ्रेंड, मरतो. दोघं पळून एका पडक्या चर्चमध्ये लपतात. तिथे केस कापणं, रंगवणं, बलोनी सँडविच, सगळं. नंतर चर्चला आग लागते, आत शाळेची लहान मुलं अडकतात, हे दोघं त्यांना बाहेर काढतात, जॉनीच्या पाठीवर जळकं छप्पर पडतं. आणि मग दवाखाना. सोडा धावत येऊन मिठी मारतो. डॅरी दारातच उभा, मुठी खिशात खुपसून. पोनीबॉयला कळतं की तो रडतोय. आईवडिलांच्या अंत्ययात्रेलासुद्धा न रडलेला माणूस. आणि एका क्षणात त्याला लागतो सगळा अर्थ, की हा ओरडायचा ते भीतीने, आणखी एक माणूस हातचं जाईल या भीतीने.

हुडीवाला तक्त्याकडे बघत म्हणाला, ‘पण डॅरी बदलला नाही ना मावशी? तो पहिल्यापासून असाच होता.’

हेच! तीन आठवडे मी याच वाक्याची वाट बघत होते आणि मी सांगायच्या आधी ते त्याच्याकडून आलं याचा आनंद मला अजून पुरतोय. डॅरी तोच आहे, तोच तळहात, बघणारा बदललाय. छापील कागदावर पात्राची वाढ म्हणून जे विचारलंय त्याचं उत्तर पोनीबॉय स्वतःबद्दल जे म्हणतो त्यात नाहीच, तो दुसऱ्याबद्दल काय म्हणतो त्यात आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार, रात्री

हुडीवाल्याचा आईच्या फोनवरून मेसेज. त्याने पुस्तक संपवलंय. विचारतो की शेवटी कळतं की हे सगळं पोनीबॉयने इंग्रजीच्या सरांना निबंध म्हणून लिहिलंय आणि शेवटचं वाक्य म्हणजे पहिलंच वाक्य आहे, म्हणजे लिहायला बसला तेव्हा त्याला डॅरीबद्दल सगळं माहीत होतं, मग पहिल्या प्रकरणात तो डॅरीला वाईट का म्हणतो? खोटं बोलतो का?

मी रविवारी बोलू असं कळवलं. खरं तर मी दोनदा वाचलं तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रात्री परत पहिलं प्रकरण काढून बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

त्या प्रश्नावर आज नाही बोलले, बाकीच्यांचं वाचून संपलेलं नाही. पण आज जे झालं ते प्रकल्पाचं मर्मच आहे असं मला वाटतं म्हणून सविस्तर लिहिते.

नववं प्रकरण. डॅली, ग्रीझर टोळीतला सगळ्यात राकट, पोनीबॉयला गाडीतून दवाखान्यात नेतोय, जॉनी शेवटच्या घटका मोजतोय, आणि गाडी पळवता पळवता डॅली त्याला सांगतो की माझ्यासारखा कठीण हो, मग तुला काही लागणार नाही, स्वतःपुरतं बघ. डॅली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तीन वर्षं काढलेला, दहाव्या वर्षी अटक झालेला. मी विचारलं डॅलीला मराठीत काय म्हणाल? राकट झालं, दगड झालं, कडक आधीच वापरलेला. मग आमची सगळ्यात लहान, बारा वर्षांची, म्हणाली ‘निबर’.

मी म्हटलं हा शब्द तुला कुठून आला? तर तिची आजी सहा महिने इकडे आलेली आहे आणि दोघी शनिवारी इंडियन ग्रोसरीत भाजी घ्यायला जातात. आजी भेंडीचं टोक बोटाने मोडून बघते, कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतीच वाकली तर निबर, ती परत ढिगात. तिने बोटांनी करूनही दाखवलं. म्हणाली, ‘डॅली निबर आहे, वाकतो पण मोडत नाही. जॉनी कोवळा आहे.’

दुसरा लगेच म्हणाला, पण डॅलीच तर मोडतो! जॉनी गेल्यावर तो दुकान लुटतो आणि पोलिसांसमोर रिकामं पिस्तूल काढतो, त्याला माहीत असतं ते गोळ्या घालणार. मग वर्ग पेटला, निबर माणूस आतून कोवळा असू शकतो का, की डॅलीत कोवळं होतं ते सगळं जॉनीत ठेवलं होतं. हे वाक्य मुलांचं आहे, मी फक्त मराठी नीट केलं.

तक्त्यावर आता आडवी रेघ मारलीय, एका टोकाला कोवळं, दुसऱ्या टोकाला निबर, आणि प्रत्येक पात्राची चिठ्ठी चिकटवायची. जॉनी आणि डॅली दोन टोकांना. डॅरीची चिठ्ठी पहिल्या प्रकरणात निबरकडे, सहाव्यानंतर सरकवली. ती सरकवताना हुडीवाला म्हणाला चिठ्ठी पोनीबॉय सरकवतोय, आपण नाही. आईबापांची श्रीमंती, मारामारी, टोळ्या हे सगळं पुस्तकात आहेच, पण त्या सगळ्याच्या खाली हा एकच प्रश्न आहे, की इतका मार खाऊन माणूस निबर न होता मोठा होऊ शकतो का.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाटलीचा प्रसंग, बारावं प्रकरण. माझा पुस्तकातला सगळ्यात आवडता.

जॉनी गेला, डॅली गेला, पोनीबॉय आजारातून उठलाय, शाळेत मार्क घसरलेत, स्वतःलाच सांगतोय की जॉनी मेलेला नाही, बॉबला मीच मारलं. टोळीतले मित्र टू-बिट आणि स्टीव एका दुकानात आहेत, हा बाहेर पेप्सी पितोय तर तीन सोशेस येतात. हा शांतपणे बाटलीचं बूड फोडतो आणि काचेचं टोक त्यांच्यावर रोखतो. घाबरलेला नाही, चिडलेलापण नाही, आत काही नाहीच. ते निघून जातात. टू-बिट हादरलेला, त्याला म्हणतो तू आमच्यासारखा होऊ नकोस. पोनीबॉयला कळत नाही हा कशाबद्दल बोलतोय. आणि मग तो खाली वाकतो आणि काचा गोळा करायला लागतो. टू-बिट बघत राहतो, आणि त्याला हायसं वाटतं.

मी विचारलं काचा का गोळा करतो? सहाही जणांनी पुस्तकात शोधलं. कोणाचं टायर पंक्चर होऊ नये म्हणून.

लहानीने चिठ्ठी काढली आणि कोवळ्याच्या बाजूला चिकटवली, पण अगदी टोकाला नाही, थोडी अलीकडे. म्हणाली अगदी टोकाला जॉनी आहे आणि तो वाचला नाही. मला तेव्हा घशात आवंढा आला, खोटं कशाला लिहू.

पोनीबॉय काय केलं ते स्वतः समजावून सांगत नाही हे महत्त्वाचं आहे. त्याला माहीतही नाही की त्याची परीक्षा झाली आणि तो पास झाला, ते टू-बिटच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं. कादंबरी लिहिणारी मुलगी शाळेत होती तेव्हा, आणि तिला हे कळत होतं की वाक्यात सांगायचं नाही, काच उचलायला लावायची.

२ मार्च, रविवार

हुडीवाल्याचा प्रश्न आज सगळ्यांपुढे ठेवला. पोनीबॉय खोटं बोलतो का? तीन मतं पडली. एक, हो, गोष्ट रंगवण्यासाठी. दोन, तो जे तेव्हा वाटत होतं ते तसंच लिहितोय, कारण नंतरचं शहाणपण आधी घुसडलं असतं तर ते खोटं झालं असतं. तीन, शांत मुलीचं, लिहिता लिहिता त्याला कळत गेलं, पहिलं पान लिहिताना अजून थोडा राग होताच.

मला आधी दुसरं पटत होतं. मग शांत मुलीने पानं काढून दाखवली. आजारपणानंतर पोनीबॉय सोडाला विचारतो, तापात बडबडताना मी डॅरीला हाक मारली का? सोडा सांगतो हो, मारलीस की. तेव्हा त्याला बरं वाटतं, कारण मारली नसेल ही टोचणी मनात होती. पण त्यानंतरही दोघं भांडतातच, अभ्यासावरून, अगदी शेवटच्या प्रकरणात सोडा रडत घराबाहेर पळतो तोवर, आणि मग सोडाच दोघांना सुनावतो की तुम्ही दोघं मला दोन बाजूंनी ओढताय. म्हणजे दवाखान्यातला साक्षात्कार पुरलेला नाही. एकदा कळलं की कायमचं कळलं असं होत नाही, घरात तर नाहीच. मी माझं मत बदललं आणि वर्गात तसं सांगितलं.

मुलींची एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण मान्य करते. चेरी एवढी चांगली उभी केली आणि नंतर जवळजवळ सोडून दिली. जॉनीला दवाखान्यात भेटायला ती नाही म्हणते कारण त्याने बॉबला मारलंय, पण त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होते, केवढी ओढाताण आहे त्या बाईमाणसाच्या आत, आणि आपल्याला ती बाहेरूनच दिसते. सोडाची गर्लफ्रेंड सँडी तर न उघडता परत आलेल्या पत्रापुरती. तक्त्यावर चेरीची चिठ्ठी अजून हातातच आहे, कुठे लावायची त्यावर एकमत होत नाही.

९ मार्च, रविवार

घड्याळं एक तास पुढे गेल्यामुळे सगळे उशिरा आले. आजचं काम दोन शब्दांचं, ‘स्टे गोल्ड’. मरताना जॉनी हेच म्हणतो.

हे येतं रॉबर्ट फ्रॉस्टच्या आठ ओळींच्या कवितेतून, १९२३ सालची, चर्चमध्ये पहाट बघताना पोनीबॉय जॉनीला म्हणून दाखवतो. कवितेत म्हटलंय की निसर्गाचं पहिलं हिरवं हे सोनेरी असतं आणि तेच टिकवायला सगळ्यात अवघड. मुलांनी केलेली भाषांतरं, ‘सोनं राहा’, ‘सोन्यासारखा राहा’, ‘गुणी बाळ राहा’ (हे एका आजोबांकडून). सोनं म्हटलं की आपल्याकडे दागिना नाहीतर दसरा, आणि सोनं तर टिकाऊ, कवितेत नेमकं उलट आहे. मग मी विचारलं, तुम्ही नवीन फुटलेलं पान बघितलंय का? आंब्याचं? भारतात गेलेल्या दोघांनी बघितलं होतं, तांबूस, लुसलुशीत, हात लावला तर ओलसर थंड. चार दिवसात हिरवं होतं. पालवी. ‘म्हणजे कोवळं!’ लहानी ओरडलीच.

पण ‘कोवळा राहा’ म्हटलं की कच्चा राहा, दुबळा राहा असं ऐकू येतं, तेही नको होतं. जॉनीच्या पत्रात, ‘गॉन विथ द विंड’च्या पानात ठेवलेल्या, त्याने अर्थ सांगितलाय, की लहानपणी सगळं नवं असतं ते सोनं, तू सूर्यास्त बघतोस ते सोनं. पाऊण तास खल करून ठरलं, ‘कोवळेपण जप.’ जप हा शब्द हुडीवाल्याचा, त्याची आई रोज शाळेत सोडताना जपून जा म्हणते. मला वाटतं जॉनी मराठी असता तर असंच काहीतरी म्हणाला असता, फार मोठं नाही, दाराशी म्हणतात तसं.

१६ मार्च

स्प्रिंग ब्रेक, शाळा बंद. घरी बसून सहा जणांच्या भाषणांचं शुद्धलेखन केलं, वाक्यं बदलली नाहीत.

२३ मार्च, रविवार

तालीम. बारा मिनिटं मिळालीत, आपलं अठरा मिनिटांचं आहे. हिंटन बाईंची माहिती, आणि फ्रेस्नोच्या एका शाळेतल्या मुलांनी ग्रंथपाल बाईंबरोबर दिग्दर्शक कोपोलाला पत्र पाठवलं म्हणून १९८३चा सिनेमा झाला ती गोष्ट, दोन्ही गाळलं, जीवावर आलं. भेंडी, तळहात आणि काचा ठेवल्या.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

झालं सादरीकरण. एका काकूंकडे गॅरेजमध्ये हिवाळा काढलेलं कुंडीतलं कडुलिंबाचं झाड आहे, त्याचा पाला त्यांनी गुढीसाठी आणला होता. लहानीने त्यातलीच एक कोवळी डहाळी हातात घेऊन सुरुवात केली, आयत्या वेळी, कोणी सांगितलं नव्हतं. भेंडीवर आज्या हसल्या, डॅलीवर गप्प झाल्या. हुडीवाल्याने तळहाताचा प्रसंग सांगताना स्वतःचा हात पुढे धरला आणि पुढचं वाक्य विसरला, तसाच उभा राहिला, मग आठवलं. बाराऐवजी पंधरा मिनिटं झाली आणि कोणी घंटा वाजवली नाही.

नंतर श्रीखंड-पुरीच्या रांगेत शांत मुलगी आणि लहानी माझ्याकडे आल्या. चेरीची चिठ्ठी शेवटपर्यंत तक्त्यावर लागलीच नाही, ती लहानीच्या खिशात होती. दोघींना चेरीच्या बाजूने एक प्रकरण लिहायचंय, मराठीत, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. पहिलं वाक्य त्यांनी गाडीत येतानाच ठरवलंय, ‘मी दवाखान्यात गेले नाही.’